फ्रीमाँटला भाड्याचं घर आणि शेजारी हेवर्ड फॉल्ट: तयारी नेमकी कशाची करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला येऊन तीन महिने झालेत. दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याचं अपार्टमेंट, खाली गाड्या लावायची जागा. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीन. मिस्टरांचं ऑफिस डंबार्टन पुलापलीकडे मेन्लो पार्कला. दिवाळीत सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येणार आहेत. 'आपण फॉल्टवर राहतो', म्हणजे भूकंप घडवणाऱ्या जमिनीतल्या भेगेवर, असं शेजारणीने सांगितल्यावर तुम्ही ऑनलाइन एक लाल इमर्जन्सी बॅग मागवलीत, आणि आता विचारताय की एवढं पुरे का.

पुरे नाही. त्या बॅगेत आहे ते वाईट नाही, पण माझ्या यादीत बॅग सगळ्यात शेवटी येते. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. गेली सव्वीस वर्षं अलामेडा काउंटीत जुन्या घरांचे पाये तपासते, आणि शनिवारी अग्निशमन दलाच्या स्वयंसेवकांना शिकवते. भूकंपात घर पडून मरायची भीती घेऊन लोक माझ्याकडे येतात. प्रत्यक्षात त्यांना इजा होते ती डोक्यावर पडणाऱ्या कपाटाने आणि पायात घुसणाऱ्या काचांनी. त्याहून मोठे हाल पुढच्या दोन आठवड्यांत होतात. नळाला पाणी नसतं, पूल बंद असतो, आणि मुलांना शाळेतून कोणी आणायचं हे ठरलेलं नसतं.

आधी फॉल्टबद्दल. हेवर्ड फॉल्ट सॅन पाब्लो उपसागरापासून रिचमंड, बर्कली, ओकलंड, हेवर्ड, युनियन सिटी असा दाट वस्तीखालून येत फ्रीमाँटला पोचतो. लेक एलिझाबेथला मुलांना नेताना तुम्ही तो बहुधा दर आठवड्याला ओलांडता. तो वर्षाला साधारण ५ मिलिमीटर सरकतोच आहे. हेवर्डमध्ये रोझ आणि प्रॉस्पेक्ट रस्त्यांच्या कोपऱ्यावर फुटपाथची एक कड त्यामुळे दुभंगली होती. भूगर्भशास्त्रज्ञ दशकानुदशकं येऊन तिचे फोटो काढायचे. २०१६ साली पालिकेच्या लोकांनी मोडका फुटपाथ समजून ती नीट करून टाकली! शास्त्रज्ञ हळहळले, पण पालिकेचा तरी काय दोष?

या सरकण्याने ताण पुरता सुटत नाही, खाली साठत राहतो. शेवटचा मोठा धक्का २१ ऑक्टोबर १८६८ ला सकाळी आठच्या सुमारास बसला. तीव्रता ६.८ च्या आसपास होती आणि सुमारे ३० माणसं गेली. आपल्या गावातलं मिशन सॅन होजेचं मातीच्या विटांचं चर्च तेव्हाच उद्ध्वस्त झालं; आज दिसतं ते १९८० च्या दशकात जुन्यासारखं पुन्हा बांधलेलं आहे. या फॉल्टवरच्या आधीच्या काही मोठ्या भूकंपांमधलं सरासरी अंतर दीडशे वर्षांच्या आसपास आहे. १८६८ मध्ये दीडशे मिळवून बघा. अर्थात फॉल्ट काही कॅलेंडर बघून हलत नाही. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा अंदाज असा की २०१४ ते २०४३ या तीस वर्षांत बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतीच्या भागात, कुठे ना कुठे ६.७ किंवा त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता ७२ टक्के आहे, आणि हेवर्ड व त्याला जोडलेल्या रॉजर्स क्रीक फॉल्टवर ३३ टक्के. तीनात एक. एवढी शक्यता पावसाची असली तर आपण छत्री घेऊन निघतो.

आता आपल्या लोकांच्या एका सवयीबद्दल. धक्का बसला की मराठी माणूस बाहेर पळतो. मी कराडकडची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आई पाटणला होती. आजोबांनी ओढून अंगणात आणलं म्हणून वाचलो, असं ती शेवटपर्यंत सांगायची. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३:५६ वाजता किल्लारीला जे झालं ते आपण कोणीच विसरलेलो नाही. तिथे माणसं मारली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि वरच्या माळवदाच्या ओझ्याने. तशा घरातून बाहेर पडता आलं तर जीव वाचतो, म्हणून ती सवय त्या घरांसाठी बरोबरच होती.

इथलं घर वेगळं असतं. लाकडी सांगाडा, त्यावर प्लायवूड, आतून ड्रायवॉल म्हणजे जिप्समचे पातळ तक्ते, सगळं हलकं. ते करकरतं, डोलतं, भेगाळतं, पण सहसा अंगावर बसत नाही. तुम्ही पळालात तर डोलणाऱ्या जिन्यावरून पडाल, नाहीतर विटांचं धुराडं आणि खिडक्यांच्या काचा ज्या पट्ट्यात पडतात तिथेच जाऊन उभ्या राहाल. २०१४ साली नापाला पहाटे ३:२० वाजता ६.० चा भूकंप झाला. तिथल्या जखमींमध्ये पडलेलं फर्निचर आणि फुटलेल्या काचा लागलेलेच पुष्कळ होते. म्हणून इथे शिकवतात ते असं: जागच्या जागी गुडघ्यांवर बसा, टेबलाखाली डोकं-मान झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा आणि थरथर थांबेपर्यंत सोडू नका. बिछान्यात असाल तर उठू नका. पालथे व्हा आणि उशी डोक्यावर घ्या. दाराच्या चौकटीत उभं राहण्याचा सल्ला जुन्या मातीच्या घरांचा आहे, इथे चौकट भिंतीपेक्षा मजबूत नसते. आणि 'जीवनाचा त्रिकोण' नावाचा जो फॉरवर्ड दर भूकंपानंतर फिरतो, पलंगाशेजारी आडवे व्हा म्हणणारा, तो कृपा करून सासऱ्यांच्या फोनमधून पुसून टाका.

मात्र 'घर बसत नाही' हे वाक्य मी तुमच्या इमारतीबद्दल डोळे मिटून म्हणणार नाही. खाली गाड्या आणि वर घरं, हीच ती रचना जिची मला धास्ती वाटते. वरच्या मजल्याला चारी बाजूंनी भिंती असतात, खाली मात्र गाड्या आत याव्यात म्हणून एक बाजू पूर्ण उघडी, नुसत्या बारीक खांबांवर. जमीन आडवी हलली की तो खालचा मजला लंगडतो. १७ जानेवारी १९९४ ला लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भागात अशाच एका अपार्टमेंट संकुलात वरचे मजले खालच्यावर बसले आणि १६ जण गेले. १९८९ च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोच्या मरीना भागात जी घरं वाकली त्यांतल्या अनेकांचा खालचा मजला गॅरेजांचाच होता. बर्कली आणि ओकलंडने अशा जुन्या इमारती बळकट करण्याची सक्ती केली आहे.

तेव्हा या आठवड्यात घरमालकाला लेखी विचारा: इमारत कोणत्या साली बांधली, खालच्या मजल्याचं भूकंपासाठी बळकटीकरण झालंय का, आणि झालं असेल तर परवाना कधीचा? परवान्यांच्या नोंदी पालिकेच्या इमारत विभागात सगळ्यांना बघता येतात, त्यामुळे उत्तर पडताळता येतं. गाड्यांच्या जागेत जाडजूड पोलादी चौकट किंवा नव्याने घातलेली प्लायवूडची भिंत दिसली तर चांगलं लक्षण. इमारत १९८० च्या आधीची असेल आणि मालक उडवाउडवी करत असेल, तर लीज संपताना घर बदला. फ्रीमाँटला आपण शाळांचे गुण बघून येतो. हीही गोष्ट तितक्याच वजनाची धरा.

(पुढे घर विकत घ्याल तेव्हा शंभर पानांचा कागदांचा गठ्ठा सहीसाठी येईल. त्यात नैसर्गिक धोक्यांचं एक निवेदन असतं, आणि आपले बहुतेक लोक ते न वाचता सही करतात. घर फॉल्टच्या पट्ट्यात आहे का आणि जमीन हादऱ्याने चिखलासारखी पातळ होणाऱ्या भागात आहे का, या दोन ओळी तरी वाचा. फॉल्टच्या पट्ट्याचा कायदा १९७२ चा आहे. खाडीकडची सपाट, भराव टाकलेली जमीन दुसऱ्या प्रकारात येते. १९८० पूर्वीचं, जमिनीपासून उचललेलं घर असेल तर ते पायाला बोल्टने जखडायला राज्याची ३,००० डॉलरपर्यंत मदत मिळू शकते.)

आता घराच्या आत. पुढच्या रविवारी प्रत्येक खोलीत जमिनीवर बसा आणि वर बघा. काय पडेल? पुस्तकांचं कपाट, टीव्ही, मुलांच्या खोलीतलं उंच ड्रॉवरचं टेबल. यांना पट्ट्या लावून भिंतीआतल्या लाकडी स्टडमध्ये, म्हणजे उभ्या दांड्यांत, स्क्रू मारायचे. नुसत्या ड्रायवॉलमध्ये मारलेला स्क्रू लोण्यातून सुरी निघावी तसा निघतो. मालकाची परवानगी ईमेलवर घ्या, भोकं बुजवून देऊ म्हणा. पलंगाच्या उशाशी काचेच्या फ्रेमचा फोटो नको. तुमचं देवघर कुठे आहे? मी गेलेल्या निम्म्या मराठी घरांत ते भिंतीवरच्या फळीवर असतं, खाली कोणीतरी झोपतं, आणि वर पितळेची दोन किलोंची मूर्ती, समई, तांब्या! फळीला पुढून आडवी पट्टी मारा आणि मूर्तीखाली म्युझियम पुट्टी लावा. ती च्युइंगमसारखी असते, हार्डवेअरच्या दुकानात मिळते, डाग पडत नाही. देवाला ते चालतं. धक्का बसला तेव्हा निरांजन तेवत असेल तर धक्का थांबल्यावर पहिलं काम ते विझवण्याचं. स्वयंपाकघरात काचेच्या बरण्या आणि कुकर खालच्या कपाटांत, डाळींचे प्लास्टिकचे डबे वर. कपाटांच्या दारांना लहान मुलांसाठी मिळतात त्या कड्या लावा. तीन वर्षांचा मुलगा आहे, म्हणजे त्या तशाही लागतीलच.

पाणी तापवायचा बंब बघा. त्याला वरच्या आणि खालच्या तिसऱ्या भागात अशा दोन पट्ट्या हव्यात. कॅलिफोर्नियात हा कायदा आहे, नसतील तर मालकाला लावाव्याच लागतात. एकतर तो आडवा पडला तर गॅसची नळी तुटते. दुसरं म्हणजे तो बंब म्हणजे ४० ते ५० गॅलन पिण्याचं पाणी आहे. गॅस किंवा वीज बंद करायची, थंड पाणी आत येणारी कळ बंद करायची, वरचा एखादा गरम पाण्याचा नळ उघडायचा आणि तळाच्या तोटीतून काढून घ्यायचं. तुमच्या अपार्टमेंटमध्ये सामायिक बंब असेल तर हा साठा तुमच्या हातात नाही, तेव्हा स्वतःचा जास्त ठेवा.

पाण्याचं इतकं का सांगते? भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने २०१८ साली हेवर्ड फॉल्टवरच्या ७.० च्या कल्पित भूकंपाचा मोठा अभ्यास केला. त्यात सुमारे ८०० मृत्यू आणि १८,००० जखमी धरले आहेत. पण माझ्या लक्षात राहिला तो दुसरा आकडा: ईस्ट बेच्या, म्हणजे खाडीच्या आपल्या पूर्वेकडच्या बाजूच्या, काही भागांत नळाला पाणी यायला सहा आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत लागू शकतील. जुनी, ठिसूळ जलवाहिनी शेकडो ठिकाणी तुटते. तीन दिवसांचं पाणी ठेवा हा जो सल्ला सगळीकडे छापलेला असतो तो किमान आहे. माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, धरून दोन आठवड्यांचं ठेवा. तुम्ही चौघं आणि सासू-सासरे मिळून ८४ गॅलन होतात. ऐकायला फार वाटतं, पण पलंगाखाली आणि कपड्यांच्या कपाटाच्या तळाशी बंद बाटल्यांचे खोके सरकवले की मावतं. दिवसाआड पाणी येणाऱ्या पेठेत वाढलेल्या बाईला पाणी साठवायला मी काय शिकवणार?

खाण्याची काळजी मराठी घराला कमी. फक्त एक लक्षात घ्या. डाळ-तांदळाच्या गोण्या म्हणजे साठा, तयारी नव्हे. त्यांना शिजवायला पाणी आणि गॅस लागतो, आणि नेमकं तेच नसतं. पोहे थोड्या पाण्यात भिजतात आणि मेतकूट-दह्यासारखं काहीही लावून खाता येतात. चिवडा, लाडू, खाकरे, दाण्याची चटणी, मुलांना आवडणारं पीनट बटर, डब्यातली शिजलेली कडधान्यं, आणि हातानं फिरवायचा डबा-उघडणा. छोटी ब्युटेनची शेगडी ठेवा, पण ती फक्त उघड्यावर पेटवायची. घरात किंवा बाल्कनीत दार ओढून पेटवली तर कार्बन मोनॉक्साइडने माणसं झोपेत जातात. संडासाबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते: सांडपाण्याच्या नळ्याही तुटतात, फ्लश करू नका. दोन बादल्या, जाड काळ्या पिशव्या आणि मांजरांच्या खोक्यात घालतात ती वाळू आणून ठेवा. एक बादली लघवीसाठी, दुसरी शौचाला. सासूबाईंना हे सांगताना अवघडायला होईल, तरी आधीच सांगा.

गॅसचा मीटर कुठे आहे ते आज संध्याकाळी शोधा आणि शेजारी १२ इंची पाना बांधून ठेवा. कळ पाव वळसा फिरवून नळीला आडवी केली की पुरवठा बंद होतो. पण वास आला, फुसफुस ऐकू आली किंवा मीटर सुसाट फिरताना दिसला तरच. उगाच बंद केलात तर परत सुरू करायला कंपनीचा माणूसच लागतो, आणि त्या दिवशी लाखो घरं त्याची वाट बघत असतील.

सगळ्यात जास्त वेळ मी वर्गात ज्यावर घालवते ते म्हणजे माणसांची ताटातूट. १७ ऑक्टोबर १९८९ चा लोमा प्रिएटा भूकंप संध्याकाळी ५:०४ ला झाला. ओकलंडचा सायप्रस उड्डाणपूल बसला, तिथे ४२ माणसं गेली. ओकलंड आणि सॅन फ्रान्सिस्को जोडणाऱ्या बे ब्रिजचा एक तुकडा पडला आणि पूल महिनाभर बंद होता. तुमचे मिस्टर पलीकडे आहेत आणि मध्ये खाडी आहे. पूल बंद झाला तर त्यांना सॅन होजेवरून वळसा घालून यावं लागेल, तेही रस्ते खुले असले तर. म्हणून आजच ठरवा: त्या दिवशी ते येण्याची धडपड करणार नाहीत, ऑफिसजवळच्या अमुक मित्राकडे थांबतील. त्यांच्या गाडीत बूट, पाणी, औषधं आणि जाडसर जॅकेट ठेवा.

मुलीच्या शाळेत इमर्जन्सी कार्ड भरलं असेल. त्यावर कोणाची नावं आहेत? बहुतेक नव्या कुटुंबांत फक्त आई-वडिलांची असतात. शाळा कार्डावर नाव नसलेल्याच्या हातात मूल देत नाही, तुम्ही फोनवर कितीही सांगितलंत तरी. चालत शाळेत पोचू शकतील अशा दोन शेजाऱ्यांची नावं घाला आणि सासू-सासरे आले की त्यांचीही. शाळेच्या इमारतीची काळजी त्यामानाने कमी करा. १९३३ च्या लाँग बीच भूकंपानंतर कॅलिफोर्नियात सरकारी शाळांसाठी खास कडक कायदा झाला, आणि ती मुलं बहुधा तुमच्यापेक्षा सुरक्षित जागी असतील. मुलाचं डे-केअर मात्र खाजगी असेल, तिथे स्वतः जाऊन कपाटं भिंतीला जखडली आहेत का ते बघा.

फोन लागणार नाहीत, मेसेज जातील. राज्याबाहेरचा एक माणूस नेमा, न्यू जर्सीतली मैत्रीण म्हणा. सगळ्यांनी तिला 'मी ठीक, इथे आहे' एवढंच कळवायचं आणि बाकीच्यांना तिने. पुण्याच्या कुटुंबाच्या ग्रुपवर तीच लिहील. नाहीतर तिकडून वीस काका-मावश्या एकदम फोन करतील आणि तुमची बॅटरी दुपारपर्यंत संपेल. एसी अलर्ट या काउंटीच्या सूचनासेवेत दोघांचे फोन नोंदवा आणि बर्कली विद्यापीठाचं मायशेक ॲप घ्या. ते काही सेकंद आधी सावध करू शकतं. फॉल्ट आपल्या पायाखालीच असल्याने आपल्याला कदाचित तेवढेही मिळणार नाहीत, पण घेऊन ठेवायला काय हरकत?

आगीचं आणि धुराचं थोडक्यात. १९९१ च्या ऑक्टोबरात ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला, २५ माणसं आणि तीन हजारांच्या आसपास घरं गेली. तुम्ही सपाटीवर आहात, तुमच्यापर्यंत ज्वाळा येण्याची शक्यता कमी, धूर मात्र येतोच. ९ सप्टेंबर २०२० ला इथे दुपारी आकाश नारिंगी-काळं होतं आणि आम्ही दिवे लावून जेवलो. एन-९५ मास्क आणि एक हवा शुद्ध करणारं यंत्र ठेवा, सासऱ्यांना दमा असेल तर आधीच.

बॅगेत काय घालायचं ते आता येतं. पासपोर्ट, व्हिसाची मंजुरीपत्रं आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) यांच्या प्रती पाणी न शिरणाऱ्या पाकिटात, स्कॅन ऑनलाइनही. एक, पाच आणि वीस डॉलरच्या नोटा मिळून दोनशे तरी, कारण वीज नसली की कार्ड चालत नाही आणि शंभराची मोड कोणी देत नाही. भाडेकरूच्या साध्या विम्यात भूकंप येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. त्यात सामानापेक्षा तात्पुरत्या राहण्याच्या खर्चाचा भाग तुमच्या कामाचा आहे. सासू-सासऱ्यांच्या प्रवासविम्याचा कागद आणि त्यांच्या गोळ्यांची नावं, ब्रँडची नव्हे तर औषधाची, इंग्रजीत लिहून बॅगेत. भारतातला ब्रँड इथल्या फार्मसीला कळत नाही. गोळ्या निदान एक महिना जास्तीच्या आणायला सांगा.

तुम्ही शेवटी विचारलंय की सासू-सासऱ्यांना हे सगळं सांगायचं का, की उगाच घाबरतील. सांगा, आणि आल्याच्या पहिल्या आठवड्यात करून दाखवा. माझी आई इथे यायची तेव्हा बेडरूमच्या दाराची कडी कधी लावू द्यायची नाही. कोयनेपासूनची सवय. गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, तिला टेबलाखाली बसणं शक्य नव्हतं. तिच्याकडून मी दोनच गोष्टी घोटवून घेतल्या. खुर्चीत असलीस तर उठायचं नाही, पुढे वाकून दोन्ही हातांनी मान झाकायची; पलंगावर असलीस तर उशी डोक्यावर. तीनदा केलं, चौथ्यांदा ती हसायला लागली. मग पलंगाच्या पायाला एक कापडी पिशवी बांधली. तिच्यात जाड तळव्यांचे बूट, टॉर्च, शिट्टी, जुना चष्मा आणि कवळीची डबी. बूट मी घातले होते, कवळीची डबी तिने स्वतः आणून टाकली.